संदर्भ द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

‘संशोधनात संदर्भ कसे द्यावेत’ हा आजचा विषय. हा विषय निघाला की चर्चा लगेच स्वल्पविरामावर येते. नाव आधी की आडनाव, साल कंसात की शेवटी, पुस्तकाचे नाव तिरप्या टायपात की अधोरेखित. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यातला बराच काळ दुसऱ्यांचे प्रबंध तपासण्यात गेला. या स्वल्पविरामांचे महत्त्व आम्ही नाकारत नाही. पण ते तिथे कसे आले, कोणाच्या भांडणातून आले, हे ठाऊक नसले की माणसे ते सोवळ्यासारखे पाळतात. शिवायचे नाही म्हणून शिवायचे नाही. म्हणून आज नियम थोडे आणि इतिहास जास्त.

सुरुवात आपल्या घरापासून करू. आपल्या शास्त्रग्रंथांत संदर्भ देत नसत असे कोणी म्हणाले तर ते खरे नाही. ‘तदुक्तम्’, ‘यथाह’, ‘इति केचित्’, ‘अपरे तु’ ही सगळी संदर्भाचीच रूपे आहेत. कालिदासाचा टीकाकार मल्लिनाथ तर टीकेच्या आरंभीच हमी देतो की आधार नसलेले आपण काही लिहिणार नाही. मात्र या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे समोरच्याला ग्रंथ पाठ आहे. ‘काही लोक असे म्हणतात’ एवढे म्हटले की शिष्याला कळायचे, हे काही लोक म्हणजे कोण. पान नंबर कशाला हवा? पान प्रत्येक पोथीत वेगळे, आणि ग्रंथ तर जिभेवर.

आता ही पाठांतराची साखळी तुटली की काय होते ते बघा. दिङ्नाग हा बौद्ध न्यायाचा केवढा मोठा माणूस. त्याचा ‘प्रमाणसमुच्चय’ मूळ संस्कृतात नाहीसा झाला, तिबेटी भाषांतरात राहिला. मूळ संस्कृतातले जे तुकडे हाती लागतात ते पुष्कळदा त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. उद्योतकर ‘न्यायवार्तिका’त त्याचे म्हणणे मांडतो आणि खोडून काढतो, पण नाव घेत नाही. पुढे कित्येक शतकांनी वाचस्पतिमिश्र टीका लिहितो, तो सांगतो की बाबांनो, हा दिङ्नाग बरं का. म्हणजे वाचस्पतिमिश्राने उद्योतकराला तळटीप पुरवली असे म्हणायला हरकत नाही. पण प्रत्येक ‘केचित्’ला असा वाचस्पती भेटत नाही. तिबेटी भाषांतराशी एकेक ओळ ताडून मूळ कोणाचे ते ठरवण्यात विसाव्या शतकातल्या पंडितांची आयुष्ये गेली आहेत.

युरोपात छपाई आली आणि प्रश्नाचे रूप पालटले. एका आवृत्तीच्या सगळ्या प्रतींत तोच मजकूर त्याच पानावर येऊ लागला, त्यामुळे पान हा पत्ता होऊ शकला. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला याचे उत्तम उदाहरण रोज वापरावे लागते. प्लेटोचे गुहेचे रूपक कुठे आहे? ‘रिपब्लिक’, ५१४ अ. हा ५१४ कुठला? तुमच्या हातातल्या पुस्तकात तर चारशेच पाने आहेत. तो आकडा आहे १५७८ सालचा. आंरी एस्तिएन, ज्याला लॅटिनमध्ये स्टेफानुस म्हणतात, त्याने त्या वर्षी जिनेव्हात प्लेटोची तीन खंडांची आवृत्ती काढली आणि प्रत्येक पानाचे अक्षरे घालून भाग पाडले. आजही इंग्रजीत वाचा, जर्मनमध्ये वाचा, समासात तेच आकडे असतात. ॲरिस्टॉटलसाठी हेच काम बेकरच्या बर्लिन आवृत्तीने केले, ती १८३१ पासून निघू लागली. तिथे पान, स्तंभ आणि ओळ एवढे सांगता येते. कांटचा पहिला ‘क्रिटिक’ १७८१ आणि १७८७ अशा दोन आवृत्त्यांत निघाला, म्हणून त्याचे संदर्भ ए आणि बी अशा दोन आकड्यांनी देतात. बाकी सगळे विसरलात तरी एवढे ध्यानात ठेवा की या तिन्ही ठिकाणी भाषांतर बदलले, प्रकाशक बदलला, तरी पत्ता हलत नाही.

पण पत्ता असणे वेगळे आणि तो देण्याची सक्ती वाटणे वेगळे. ती सक्ती भांडणातून आली. पिएर बेल हा फ्रेंच निर्वासित रॉटरडॅमला राहत होता. त्याचा ऐतिहासिक आणि चिकित्सक कोश १६९७ सालचा. त्याच्या आधी मोरेरीचा कोश फार खपला होता, आणि त्यातल्या चुका दाखवायच्या या हौसेने बेल कामाला लागला. त्याच्या कोशाचे पान पाहण्यासारखे आहे. वर मजकुराच्या चार ओळी, खाली दोन स्तंभ भरून टिपा आणि समासात त्या टिपांचे आधार. कोशापेक्षा टिपाच वाचाव्यात असा ग्रंथ. बेलचा स्वभाव आमच्या मते थोडा खोडकरच होता, वर सरळ चरित्र सांगायचे आणि खाली टिपेत त्याच्या चिंधड्या करायच्या.

यानंतरची एक गोष्ट आम्हाला फार आवडते. गिबनच्या रोमन साम्राज्याच्या इतिहासाचा पहिला खंड १७७६ च्या फेब्रुवारीत निघाला. त्यात टिपा शेवटी होत्या. डेव्हिड ह्यूम त्या वेळी एडिंबरात आजारी होता; ऑगस्टमध्ये तो गेलाच. तशा अवस्थेत एप्रिल महिन्यात त्याने प्रकाशक स्ट्राहनला पत्र लिहिले. ग्रंथ उत्तम आहे, पण टिपा शेवटी टाकून वाचकाला फार त्रास दिला आहे; आधार सांगणाऱ्या टिपा समासात किंवा पानाच्या तळाशी छापाव्यात, असा त्याचा आशय. पुढच्या वर्षी तिसरी आवृत्ती निघाली, तीत टिपा पानाखाली आल्या. ह्यूमने आयुष्यभर एकच विचारले होते, अमुक गोष्टीवर विश्वास ठेवायला तुमच्याकडे आधार काय? मरणाच्या दारातही त्याने छापखान्याला तेच विचारले असे आम्ही वर्गात सांगत असू. मुले हसायची, पण विसरायची नाहीत.

त्या टिपा लगेच कामाला आल्या, आणि गिबनच्याच विरुद्ध आल्या. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराविषयीची त्याची पंधरावे आणि सोळावे ही दोन प्रकरणे चर्चच्या मंडळींना झोंबली होती. १७७८ साली ऑक्सफर्डचा हेन्री डेव्हिस नावाचा तरुण पदवीधर पुढे आला. त्याने गिबनच्या मतांवर नुसता राग काढला नाही. तो टिपा घेऊन बसला, एकेक आधार उघडून पाहू लागला, आणि इथे चुकीचा अर्थ लावला, इथे दुसऱ्याचे उचलले, असे आरोप त्याने पुस्तकभर केले. गिबन सहसा टीकाकारांना उत्तर देत नसे. या वेळी १७७९ मध्ये त्याने दिले, कारण आरोप मतावर नव्हता, प्रामाणिकपणावर होता. त्या उत्तरात त्याने डेव्हिसला आमंत्रणच दिले आहे, मी घरी नसेन अशा एखाद्या दुपारी या, माझा नोकर तुम्हाला माझी पुस्तके दाखवील. खवचटपणा सोडून द्या. डेव्हिसचे बरेच आरोप टिकले नाहीत हेही बाजूला ठेवा. एक कोवळा पोरगा त्या काळच्या सर्वांत नामांकित इतिहासकाराला जाब विचारू शकला तो केवळ त्या टिपांमुळे.

इथे तत्त्वज्ञानाचा एक मुद्दा आहे, तो सांगतो आणि पुढे जातो. न्यायशास्त्रात ‘शब्द’ हे प्रमाण आहे, आप्ताने म्हणजे विश्वासू जाणत्याने सांगितलेले ज्ञान. पुष्कळांना वाटते की संदर्भ म्हणजे आप्तवाक्यच. मोठ्या माणसाचे नाव खाली लिहिले की आपले म्हणणे पक्के झाले. आमच्या मते हे उलटे आहे. आप्त म्हणतो, मी सांगतो म्हणून माना. टीप म्हणते, मी सांगतो म्हणून मानू नका, अमुक ठिकाणी जा आणि बघा. जिथे जाऊन बघता येत नाही असा संदर्भ कितीही शुद्ध विरामचिन्हांत लिहिला तरी तो परत आप्तवाक्यच होतो.

याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. जेम्स ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत निघाला. डफने टिपा दिल्या आहेत, बऱ्याच दिल्या आहेत. पण त्यांतल्या कितीतरी टिपांत नुसते ‘मराठी हस्तलिखिते’ एवढेच. कुठले हस्तलिखित? कोणाच्या घरचे? काही कागदांच्या नकला आपण मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्या आहेत असे तो सांगतो. पुढे आपल्या लोकांनी शोध घेतला तेव्हा त्या नकला मिळाल्या नाहीत. आणि मग डफने कागद जाळले, अशी कुजबुज सुरू झाली. ती कुजबुज खरी होती असे आम्ही म्हणत नाही. आमचे लक्ष ती कशी जन्माला आली याकडे आहे. टिपेतला पत्ता उघडला आणि आत काही निघाले नाही, की संशयाला जागा मिळते. मग डफ सज्जन होता की नाही यावर वाद, कागदावर वाद नाही. त्याच सुमारास, १८६०च्या दशकाच्या शेवटी, नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुण विद्यार्थ्याने डफच्या ग्रंथावर पुण्यात सविस्तर टीका केली. आपला डेव्हिस म्हणा ना. फरक इतकाच की डेव्हिसला गिबनची पुस्तके पाहता येत होती.

मराठी इतिहासकारांनी यावर उत्तर दिले ते साधने छापून. १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ मासिक निघाले. मग विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ सालचा, एकंदर खंड बावीस. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ. राजवाड्यांच्या प्रस्तावनांवर वाटेल तितके भांडा, आम्हीही भांडतो. त्यांची काही मते आज वाचवत नाहीत. पण प्रत्येक पत्राला त्यांनी लेखांक घातला. ‘मइसा, खंड अमुक, लेखांक तमुक’ एवढे लिहिले की धुळ्यातला माणूस आणि लंडनमधला माणूस एकाच पत्रावर बोट ठेवतो. लेखांक हा आमच्या भाषेचा स्टेफानुस आहे. पुढे सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड आले, तिथेही तीच सोय. इतिहासाची हार्वर्ड पद्धत आम्हाला कोणी शिकवायच्या आधी ही पद्धत इथे रुळलेली होती, हे विद्यार्थ्यांना सांगावे लागते याचे वाईट वाटते.

या पद्धतीने काय साधले? शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा वाद घ्या. बखरींवरून १६२७ हे साल रूढ होते. टिळकांनी १९०० साली केसरीत हा प्रश्न चर्चेला घेतला. पुढे त्यांच्या हाती जेधे शकावली आली आणि १९१६ मध्ये ती मंडळाच्या द्वारे छापली गेली. तीत नोंद आहे शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. पुढे तंजावरकडे मिळालेल्या परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी निघाली. वाद मिटला असे नाही, खूप वर्षे चालला. पण वाद घालणाऱ्या प्रत्येकाला कुठल्या ओळीवर वाद घालायचा ते माहीत होते. आणि इथे हिशेबाची एक खोच आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन, असे आपण शाळेत शिकतो. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. पण फाल्गुन महिना इंग्रजी नव्या वर्षात येतो, तेव्हा ७९ मिळवायचे, म्हणून १६३०. जुन्या मराठी पुस्तकांवरही पुष्कळदा नुसता शक असतो. त्यांचे प्रकाशनवर्ष कंसात टाकताना हीच गफलत होते. शक्य तर शक तसाच लिहावा आणि शेजारी इसवी सन द्यावा. मराठी पत्रांत तर अनेकदा महिना आणि चंद्र असतो, साल नसतेच. ते संपादकाने अंदाजाने लावलेले असते. राजवाड्यांनी लावलेली काही साले पुढच्या संशोधकांनी बदलली आहेत. म्हणून ते साल पत्राचे म्हणून सांगू नये, संपादकाचे म्हणून सांगावे.

आता ती हार्वर्ड पद्धत. नाव ऐकून वाटते की कोणा थोर समितीने ठरवली असेल. तिचा शोध घेणाऱ्यांना तिचा पहिला नमुना सापडला तो १८८१ सालच्या एका प्राणिशास्त्राच्या निबंधात. हार्वर्डचे एडवर्ड लॉरेन्स मार्क बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांचा अभ्यास करत होते, त्यात त्यांनी आधीच्या लेखकाचे नाव आणि साल कंसात घातले. बस, एवढेच. विज्ञानात ही सोय फार चांगली, कारण तिथे कोणी कोणत्या वर्षी म्हटले याला अर्थ असतो. १८७५ चे निरीक्षण १८८० ने खोडले, हे वाचता वाचता दिसते. मग शिकागोची नियमावली १९०६ ची, मानसशास्त्रज्ञांची १९२९ ची, वैद्यक-संपादकांची व्हँकूव्हर १९७८ ची. प्रत्येक जण आपापल्या वाचकाची सोय बघत होता.

अडचण अशी झाली की आपण ती सोय उचलून सगळीकडे लावली. प्रबंधात आम्ही ‘शंकराचार्य, २००३’ असे वाचले आहे. ‘ज्ञानेश्वर, १९९४’ तर नेहमीच. यात वाचकाला कळते काय? २००३ साली शंकराचार्यांनी काय म्हटले? ब्रह्मसूत्रभाष्याचा अध्याय, पाद आणि सूत्र लिहा, म्हणजे कुठल्याही आवृत्तीत सापडेल. आवृत्ती कुठली वापरली ते ग्रंथसूचीत एकदा सांगा. मात्र पारंपरिक क्रमांकही सगळीकडे स्थिर नसतात. तुकोबांच्या अभंगांचे क्रमांक गाथेगणिक वेगळे आहेत, तिथे गाथा कोणती ते सांगितलेच पाहिजे. गीतेचा दुसरा अध्याय महाभारताच्या प्रचलित प्रतीत भीष्मपर्वाचा सव्विसावा अध्याय आहे, आणि भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत चोविसावा. एक हजाराहून अधिक हस्तलिखिते ताडून ती आवृत्ती सिद्ध झाली, १९१९ पासून १९६६ पर्यंत काम चालले. तुम्ही नुसते ‘महाभारत, ६.२४’ लिहिले आणि वाचकाने घरातली जुनी प्रत काढली तर त्याला भलताच अध्याय मिळेल. श्लोक खरा, आकडा खरा, तरी पत्ता खोटा.

सर्वांत वाईट दोष मात्र स्वल्पविरामाचाही नाही आणि आकड्याचाही नाही. तो आहे उसन्या टिपेचा. एका प्रबंधाचे परीक्षण आमच्याकडे आले होते. विद्यापीठाचे नाव नको. त्यात दप्तरातल्या एका कागदाचा संदर्भ होता, रुमाल क्रमांकासह. तोच संदर्भ त्याआधीच्या दोन छापील पुस्तकांत होता आणि तिन्ही ठिकाणी रुमालाचा क्रमांक एकसारखा चुकलेला. बरोबर क्रमांक तिघांनी स्वतंत्रपणे शोधला असता येतो; एकच चूक तिघांना स्वतंत्रपणे सुचत नाही. पहिल्याने नकलताना चूक केली, बाकी दोघे त्या रुमालापर्यंत गेलेच नाहीत. तोंडी परीक्षेत आम्ही उमेदवाराला एवढेच विचारले की त्या कागदाची लिपी मोडी आहे की बाळबोध. तो गप्प बसला.

‘शिवकालीन पत्रसारसंग्रहा’चेही असेच होते. १९३० पासून निघालेला फार उपयोगी ग्रंथ. त्यात पत्रांचा सारांश कालक्रमाने लावला आहे आणि मूळ पत्र कुठे छापले ते दिले आहे. पुष्कळ जण सारांश वाचतात आणि टिपेत मूळ पत्र लिहितात. पत्रातला एखादा ‘परंतु’ सारांशात गळलेला असतो, आणि त्या ‘परंतु’वरच सगळा अर्थ असतो. सारांश वाचला असेल तर सारांश वाचला असे लिहावे. ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे लिहिण्यात कसलाही कमीपणा नाही. म. म. काणे यांचा धर्मशास्त्राचा इतिहास बघा, कित्येक पानांवर मजकूर अर्धा आणि खाली टिपांत मूळ संस्कृत वचने. वाचकाकडे पोथी नसली तरी त्याला तिथल्या तिथे पडताळा घेता यावा, ही त्यातली दृष्टी.

आता या दोषाला टक्क्यांनी पकडता येईल असे लोकांना वाटू लागले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे चढत्या पायऱ्या. नियम असावा, चोरी पुष्कळ होते. पण सॉफ्टवेअर शब्दांचे साम्य मोजते. उसनी टीप, चुकलेला रुमाल, न पाहिलेले पत्र, हे सगळे शून्य टक्क्यांत बसते. आणि अलीकडे तर संगणकाला विचारले की तो लेखक, साल, नियतकालिक, पृष्ठांक असा अगदी बिनचूक विरामचिन्हांचा संदर्भ लिहून देतो, आणि तसा लेख जगात कुठेच नसतो. डफच्या टिपेमागे निदान एखादे हस्तलिखित होते हो.

वेळ होत आली आहे, एक छोटी गोष्ट सांगतो आणि प्रश्नांकडे वळतो. मघाशी राजवाड्यांचे नाव घेतले. इंग्रजी पद्धतीने त्यांचे नाव लिहिले की होते व्ही. के. राजवाडे. त्यांचे थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ, निरुक्ताचे मोठे अभ्यासक. तेही व्ही. के. राजवाडे. मराठीत ‘वि. का.’ आणि ‘वै. का.’ लिहिले की भाऊ वेगळे होतात. इंग्रजी सूचीत ते एक होऊन बसतात, आणि मग निरुक्तावरचे काम इतिहासाचार्यांच्या खात्यावर जमा झालेले दिसते. नियमावली काहीही म्हणो, अशा ठिकाणी पूर्ण नाव लिहावे. हं, विचारा आता.